तवनाप्पाकाकांच्या अकरा कॉटी

तवनाप्पाकाकांना देवमाणूस म्हणणाऱ्यांनी चार दिवस त्यांच्या शेजारी राहून बघावं. मी सव्वीस वर्षं राहतोय. (मी बाईमाणूसच हाय, आमच्या कोल्हापुरात बायकाबी आलो-गेलोच म्हणतात, त्याचं काय मनावर घेऊ नका.) राजारामपुरीत आमची पिठाची गिरण आणि भिंतीला भिंत लागून काकांचं घर. माणूस सोन्यासारखा, त्यात वाद न्हाय. पण हट्टी! एकदा 'न्हाय' म्हणाले की ब्रह्मदेव खाली उतरला तरी न्हायच.

काकांची सगळी हयात उद्यमनगरात लेथवर गेली. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा साधा भाताचा घास भरवायचा तरी दोघांनी धरून बसवायला लागायचं. काकांनी कारखान्याच्या भंगारातनं अँगल आणि पट्ट्या गोळा केल्या, लेथवर लांबलचक स्क्रू कापला आणि एक कॉट केली. पायथ्याशी हँडल. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू हळूहळू वर येती आणि निजलेलं माणूस आपोआप बसतं होतं. वडील वर्षभर त्या कॉटवर होते. ते गेल्यावर शेजारच्या लेथवरच्या मिस्त्रीनं विचारलं, "तवनाप्पा, आमच्या म्हातारीला देतोस काय महिनाभर?" दिली. ती परत येते तोवर आणखी दोघं दारात उभे. मग काकांनी दुसरी केली, तिसरी केली. बारा वर्षांत अकरा झाल्या.

भाडं न्हाय, डिपॉझिट न्हाय, चिठ्ठीचपाटी न्हाय. नियम एकच, काम झालं की आणून द्यायची.

आता गावाला वाटतं काका कॉटी देतात. देतात काका, पण निस्तरती कोण? त्यांची बायको, अंजनाकाकू. जेवायला बसलं की फोन, पूजेला बसलं की फोन, "कॉट हाय का वो?" आणि कॉट परत द्यायला येणारी माणसं बहुतेक रडतच यायची. आबा गेले, आई गेली. काकू त्यांना सोप्यात बसवायची, चहा द्यायची, गेलेल्या माणसाचं शेवटपर्यंतचं सगळं ऐकून घ्यायची. काका तेवढ्यात पान्हा घेऊन कॉटचे नट आवळत बसायचे. कुणी रडायला लागलं की काकांना हटकून कुठलातरी नट ढिला दिसायचा.

गेल्या साली काकांची नात सोनल इथं शिकायला आली. सांगलीच्या लेकीची लेक. एमबीए करती. तिला कॉलेजातनं प्रोजेक्ट मिळालं, शेअरिंग इकॉनॉमीची बिझनेस मॉडेल. दळण घेऊन आली तेव्हा मी विचारलं, "म्हणजे काय गं बाई?"

"संयोगितामावशी, एकाकडं वस्तू रिकामी पडलीय आणि दुसऱ्याला ती थोडेच दिवस पाहिजे. दोघांची गाठ घालून द्यायची. मग गाडी असू दे, खोली असू दे, न्हाईतर मशीन."

"ह्यात नवीन ते काय? शेजारणीकडनं विरजण मागून आणायचं, हेच की!"

"हेच. फक्त शेजारीण ओळखीची असती. अनोळखी माणसावर विश्वास कसा ठेवायचा आणि वस्तू सारखी फिरती कशी ठेवायची, ह्याची जी बांधणी, ते मॉडेल."

पोरगी हुशार. अन् डोळ्यांसमोर आज्जाच्या कॉटी असताना ती दुसरीकडं कशाला बघंल? तिनं सोप्याच्या भिंतीवर मोठा कागद लावला, त्यावर अकरा चौकोन काढले आणि काकांना एकेका कॉटचं विचारत गेली. शेवटी म्हणाली, "आज्जा, चार वापरात. एक दुरुस्तीला. सहा बेपत्ता."

"बेपत्ता न्हाईत. कुठल्या घरात हाईत ते मला तोंडपाठ हाय."

"तोंडपाठ असून परत येत न्हाईत, म्हणजे बेपत्ताच की! वस्तू एका घरात अडकली की मॉडेल तिथंच मेलं. डिपॉझिट ठेवा थोडं. कॉट आली की पैसे परत."

काकांचा आवाज चढला. "ज्याच्या घरात माणूस पडून हाय त्याच्यापुढं मी हात पसरू? उद्या तहानलेल्याला पाणी देऊन तांब्याचं डिपॉझिट घे!"

"बरं, मग ॲप करू. दर महिन्याला फोनवर आठवण जाईल."

"कसली आठवण? 'तुमची आई गेली का अजून हाय?' अशी?"

सोनलनं पेनाचं टोपण लावलं, पण मी गप्प बसणारी न्हाय. मी म्हणालो, "काका, तुम्ही लोकांना साधू समजताय. फुकट मिळालेलं कोण परत देतंय? माणूस गेलं, कॉट माडीवर टाकली, विषय संपला. चोर मेले!" काका म्हणाले, "लोकांना लाज हाय, संयोगिता. येतील." आणि पान्हा घेऊन उठले.

त्यानंतर पंधरा दिवसांत अंजनाकाकू न्हाणीत घसरली. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, दहाव्या दिवशी घरी सोडलं. सोडताना डॉक्टरनं काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या वयात हाड जुळतंच. पण ह्या सपाट पडून राहिल्या तर छातीत कफ साठंल, आणि तो बरा न्हाय. दिवसातनं धा वेळा उठून बसवायचं. पाठ उचलणारी कॉट घ्या."

सांगितलं कुणाला, तर अकरा कॉटीच्या मालकाला! आणि घरात एकबी कॉट न्हाय. दुरुस्तीतली होती ती काकू दवाखान्यात असतानाच कुणाच्यातरी वडिलांना देऊन बसले होते. मला असा राग आला होता म्हणून सांगू.

काकूला दिवाणावर निजवलं. त्यांचा मुलगा पारस पुण्याला असतो, तो फोनवर म्हणाला, "बाबा, मी नवी मागवतो, उद्या येईल." काका म्हणाले, "माझ्या अकरा कॉटी गावात असताना विकत? चार दिवसांत एक आणतो." झाला हट्ट सुरू.

पण खरी गोष्ट पुढंच होती. काकू भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "नवी आणा न्हाईतर जुनी आणा. हँडलच्या कॉटवर मी न्हाय निजायची."

"का गं?"

"बारा वर्षं बघतोय मी. ज्या घरात ती कॉट गेली तिथलं माणूस गेलं. उठून चालत आलेलं एकतरी दाखवा मला."

काकांकडं दाखवायला कुणी न्हवतंच. परत द्यायला आलेली सगळी रडतच आलेली, आणि ते रडणं काकूनंच पदरात घेतलेलं. दोन कॉटी बऱ्या झालेल्या माणसांच्या घरनं आल्या असतील तर कुण्या टेम्पोवाल्यानं दारात उतरवून ठेवल्या होत्या, त्यांची तोंडं काकूला कुठं माहीत?

तिनं जणू ठरवूनच टाकलं होतं. बसवायला गेलं की "दुखतंय, राहू दे" म्हणायची. तिसऱ्या दिवसापासनं खोकला सुरू झाला. चौथ्या दिवशी मी पेज घेऊन गेलो तर दोन चमचे घेतले आणि मला म्हणाली, "संयोगिता, सोनलला पापडाचं पीठ मळायला शिकव. मी दाखवायची राहिलो." मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. मला रडू येत न्हाय सहसा.

बाहेर येऊन मी काकांना सांगितलं, "आता मी जातो तुमच्या चोरांकडं. एक कॉट तर आणतोच, आणि चार शिव्या देऊन आणतो. ती आल्यावर काकूला मी उचलून निजवतो, बघू काय करती." काका न जेवता बसले होते. ते फक्त म्हणाले, "कोडोलीला जा. हंबीररावाकडं. दीड वर्ष झालं न्हेऊन, आईला, चिमणाबाईला पायजे होती. म्हातारी कवाच गेली असंल. फोन लागत न्हाय त्याचा."

सोनलच्या स्कूटरवर मागं बसून निघालो. हायवेवरनं वाठारला आत वळेपर्यंत मी मनात भांडण पाठ करत होतो. पण मयताच्या घरी पहिल्यांदाच जायचं, म्हणून दारात शिरताना तोंड जरा पाडून ठेवलं. आधी दुःख बोलू, मग कॉटचं काढू, असा हिशोब.

गोठ्यातनं एक म्हातारी आली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात शेणाचं घमेलं, मनगटात हिरवा चुडा. "कोण पायजे पावणं?"

मी हळू आवाजात म्हणालो, "हंबीरराव हाईत काय? आम्ही कोल्हापूरहून आलोय. चिमणाबाईंचं कळलं आमाला, लई वाईट झालं…"

"काय वाईट झालं? मीच की चिमणाबाई!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. सोनलनं ओढणी तोंडात कोंबली. म्हातारी मात्र ठसक्यात हसली. "ये आत. मेलेल्या बाईच्या हातचा चहा घेऊन जा."

सोप्यात कॉट उभी होती. काकांचीच, पण ओळखू येईना. निळा नवा रंग, वर नवी कापसाची गादी, त्यावर प्लास्टिकचा कागद. शेजारी तांदळाचं पोतं, दोन गुळाच्या ढेपा, आणि परडीत खण, नारळ. नारळ हलवून बघितला तर वाळून गुडगुड वाजला.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या तवनाप्पाचंच की. माघारी द्यायचंय." चिमणाबाई म्हणाली. "मी चार महिने निजलो ह्याच्यावर. बरी झालो. मग अशी रिकामी कशी धाडायची? शेजारनं वाटीभर साखर आणली तर वाटी रिकामी देतो काय आपण? ही तर माझा जीव वाचवलेली वस्तू. म्हटलं, मी सोता जाणार, त्याच्या बायकोची ओटी भरणार. आधी पोरगा म्हणाला, गुऱ्हाळ होऊ दे, नवा गूळ न्हेऊ. मग पाऊस लागला. मग म्हैस व्याली. मग गादी भरायला टाकली. आणि उशीर झाला तशी रिकाम्या हातानं जायची आणखीनच लाज वाटाय लागली. तीन नारळ बदलले मी तवापासनं."

माझं पाठ केलेलं भांडण कुठल्याकुठं गेलं. पण राग उरला होता. मी म्हणालो, "आज्जी, तुमचा नारळ वाळत होता तवा कोल्हापुरात कितीजण कॉट न्हाय म्हणून फरशीवर निजले, ठाऊक हाय?"

म्हातारीच्या हातातनं काठी सुटली. ती तिथंच बसली. "त्याच्याकडं पुष्कळ असत्याल असं वाटलं गं मला," एवढंच म्हणाली. मला माझीच जीभ हासडावीशी वाटली.

सोनल तेवढ्यात फोन काढून अंगणात गेली होती. बाकीच्या पाच घरांना पुन्हा फोन लावत होती, पण आज 'कॉट कवा देताय' न्हाय, 'माणूस कसं हाय' असं विचारत होती. अर्ध्या तासानं आली ती चेहरा लाल करून. "मावशी, दोन लागले न्हाईत. तीन लागले. तिन्ही ठिकाणी माणूस बरं झालंय! एकीला नवं कव्हर शिवून द्यायचंय, एकाला जोतिबाला जाऊन आल्यावर पेढे घेऊन यायचंय, एक म्हणतात मुलाच्या लग्नाची पत्रिका घेऊनच येतो. आमची आज्जी म्हणती कॉटवरनं कुणी उठत न्हाय. अगं, माणूस गेलं की लोकं आठ दिवसांत कॉट आणून देतात, घरात नको म्हणून. सुतकात रिकामं-भरलं कोण बघतंय? आणि माणूस उठलं की कॉट अडकती, भरून द्यायची म्हणून! आज्जीनं बारा वर्षं नुसती गेलेलीच बघितली. उठलेली सगळी आपापल्या घरात नारळ बदलत बसलीत!"

चिमणाबाईनं विचारलं, "कोण म्हणती उठत न्हाय?" मी अंजनाकाकूचं सगळं सांगितलं, खोकल्याचं, पापडाच्या पिठाचं. ऐकता ऐकता म्हातारी काठी शोधायला लागली. "हंबीऱ्याऽ! टेम्पो काढ! आत्ताच्या आत्ता!" अशी ओरडली की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत आला होता. हंबीररावानं आणि काकांनी कॉट आत आणली. चाकांचा आवाज ऐकून काकूनं डोळे गच्च मिटले. "न्या ती. सांगितलंय ना मी."

"आधी बघ तरी माझ्याकडं," चिमणाबाई म्हणाली. काठी टेकत टेकत दिवाणापाशी गेली. काकूनं डोळे उघडले. ही कोण बाई, असं माझ्याकडं बघितलं. म्हातारीनं कॉटवर थाप मारली. "कणा मोडलेला माझा. चार महिने हिच्यावर होतो. पहिला महिनाभर मीबी रोज सुनेला चाव्या कुठं, दागिने कुठं, तेच सांगत होतो. तू काय सांगतीस, पापड? मरायला टेकलेल्या सगळ्या बायका घरचंच सांगत बसतात बघ."

"आणि मग?" काकूनं विचारलं.

"मग काय? चालत आलो की तुझ्या दारात. सकाळी शेण भरून आलोय."

काकू तिच्याकडं किती वेळ बघत राहिली. काठीकडं, कंबरेकडं, पुन्हा तोंडाकडं. चिमणाबाईनं निजलेल्या काकूच्या पदरात खण ठेवला, तांदळाची ओंजळ घातली, तो वाळका नारळ ठेवला. काकू रडायला लागली. बारा वर्षं दुसऱ्यांचं रडणं ऐकलेली बाई, ती पोटातनं रडली. खोकला आला, पुन्हा रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "घाला मला त्याच्यावर."

आम्ही चौघांनी तिला उचलून ठेवली. काका हँडलपाशी गेले. इतक्या वर्षांत त्यांनी हँडल नुसतं तपासायला फिरवलेलं. त्यांच्या वडिलांनंतर वर माणूस असताना कधीच न्हाय. अर्धा फेरा फिरवून थांबले, "दुखतंय काय गं?" काकू म्हणाली, "फिरवा. तुमच्या हातचंच हाय न्हवं?" ती वर आली, बसती झाली, आणि काका खाली मान घालून नट बघायला लागले. एकबी ढिला न्हवता.

सोनलनं त्या रात्री भिंतीवरचा कागद फाडला आणि नवा नियम लिहिला. कॉट परत आणायचीच न्हाय. पुढच्यानं मागच्याच्या घरी जाऊन न्यायची, आजारी माणसाला कसं वळवायचं, कसं बसवायचं ते तिथंच शिकून घ्यायचं, आणि जे काय भरून द्यायचं असंल ते पुढच्याला द्यायचं. महिन्याभरात सहाच्या सहा हलल्या. तिच्या सरांनी विचारलं म्हणे, ह्यात उत्पन्न कुठाय? ती म्हणाली, उत्पन्न न्हाय सर, पण काही अडकून पडत न्हाय. मार्क किती पडले ते तिनं सांगितलं न्हाय, म्हणजे बेताचेच असणार.

काकूचा खोकला आठवड्यात गेला. दुसऱ्या महिन्यात वॉकर, तिसऱ्यात काठी. साडेतीन महिन्यांनी उत्तरेश्वर पेठेतनं धैर्यशील नावाचा पोरगा कॉट न्यायला आला. त्याच्या आईला अर्धांगाचा झटका आलेला. काकांनी त्याला हँडल दाखवलं, कूस कशी बदलायची ते सांगितलं. टेम्पो दारात उभा. तेवढ्यात काकू म्हणाली, "बाळा, चार दिवस थांब."

"का, काकू?"

"डिंकाचे लाडू करतो. अशी रिकामी कशी द्यायची?"

मी कपाळाला हात लावला. काका तर उडालेच. "अगं, ह्याच्यापायीच सहा कॉटी अडकल्या होत्या! तूच?"

काकू वरमली. मग तिनं पोराला विचारलं, "आई काय म्हणती तुझी?"

धैर्यशीलनं मान खाली घातली. "न्हाय निजायची म्हणती, काकू. कुणीतरी सांगितलंय तिला, ह्या कॉटवर गेलेलं माणूस उठत न्हाय म्हणून."

काकूनं दाराआडची चप्पल घातली. काठी घेतली आणि बाहेर पडली. "टेम्पोत पुढं जागा हाय न्हवं?"

"हाय की. पण तुम्ही कशाला त्रास…"

"रिकामी न्यायची न्हाय म्हणून," काकू म्हणाली. काकांनी धरायला हात पुढं केला. तो तिनं बाजूला सारला, आधी चांगला पाय पायरीवर ठेवला, मग ऑपरेशनचा पाय वर ओढून घेतला, आणि जाऊन पुढं बसली.